शेवटचा माणूस उठेपर्यंत

शाळा लवकर सुटली माझी, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका आणि साधे शब्द सांभाळून घ्या.

रविवारी शरयूताईंच्या खाऊगाडीपाशी थालीपीठ खाताना इरफानभाई आणि कुमुदकाकूंशी नवीनच ओळख झाली होती. तेवढ्यात समोरच्या बंगल्यातले रावसाहेब माणसं घेऊन आले. "माझ्या दारापुढं ही गाडी नको. आत्ता उचला, नाहीतर मोडून टाकतो."

ताईंचा हात तव्यावर थांबला. त्यांचं घर त्या गाडीवरच चालत होतं.

मी भीतभीत विचारलं, "रावसाहेब, भरल्या पानावरून उठवणार आम्हाला?"

सगळे बघत होते. रावसाहेब म्हणाले, "आमच्या घराण्यात ती रीत नाही. शेवटचा माणूस उठला की गाडी हलवा."

"शब्द दिलात?"

"दिला."

"ताई, आणखी एक वाढा. माझं संपायच्या आत इरफानभाई बसतील, त्यांचं संपायच्या आत काकू."

रावसाहेब माणसं घेऊन माघारी वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या पानात शेवटचा घास उरला होता, तेव्हा मी हात धुऊन त्यांच्याशेजारी बसलो.