भागोजीनं डोळे सारखे केले

एका वाडीत एक भोळा भागोजी होता. भोळा आपलं म्हणायचं; खरा शब्द पोराबाळांसमोर काढवत नाही. सगळ्या वाडीच्या शेळ्या हाच राखायचा. कुणी राखायला दिल्या, देव जाणे.

त्या साली शेळ्यांच्या डोळ्यांची साथ आली. डोळे लाल, चिकट, नुसता पू. वाडी जगायची त्या दुधावर. शेळ्या आंधळ्या झाल्या तर खायचं काय?

गुरांच्या डॉक्टरीणबाई नवं मलम घेऊन आल्या. "भागोजी, याचा गुण तपासायचाय. रोज प्रत्येक शेळीच्या फक्त डाव्या डोळ्यात लाव. उजवा तसाच ठेव, म्हणजे फरक कळेल."

हा शेळीसमोर बसला आणि आपल्या डाव्या हाताकडचा डोळा धरला.

"अरे, तो तिचा उजवा! मागं उभा राहा, म्हणजे तुझा डावा तोच तिचा डावा."

"असं होय!"

काही दिवस काम नीट चाललं. मग एकदा बायको हौसा बाजाराला गेली आणि शेळ्यांना पाणी पाजायचं याच्यावर आलं. हौसा परतली तर हा बादली घेऊन शेपटाकडं उभा! शेळ्या तहानेनं ओरडतायत, हा ढिम्म.

"शेळीचं काम मागनंच करायचं. बाईंनी सांगितलंय."

"मेल्या, शेळीला काही द्यायचं तर तोंडापुढं धरावं!"

"असं होय!"

दुसऱ्या दिवशी यानं मलमाची ट्यूब शेळीच्या तोंडापुढं धरली. शेळीच ती. टोपणासकट खाल्ली.

दुपारी बाई आल्या. डावे डोळे लख्ख, उजवे लालच. बाई हरखल्या. "गुण आला रे! आता उजव्यातही लाव. आठवड्यानं येते, तोवर दोन्ही डोळे सारखे झाले पाहिजेत."

"होतील की!"

ट्यूब शेळीच्या पोटात आहे, हे बोलला नाही. का, तर बाईंनी विचारलं नाही!

आठवड्यानं बाई मलमाचा खोका घेऊन आल्या आणि मटकन खालीच बसल्या. एकूण एक शेळीचे दोन्ही डोळे लालभडक.

"भागोजी, काय केलंस हे?"

"सारखे केले! मलम शेळीनं खाल्लं, पण माझं अडलं नाही. उजव्यातला पू फडक्यानं पुसला, डाव्यात लावला."

बाईंनी कपाळावर हात मारला. "नशीब, पलीकडच्या वाडीत साथ नाही."

"नव्हतीच!" भागोजी छाती फुगवून म्हणाला. "म्हणून फडकं घेऊन तिकडंही जाऊन आलो. आता दोन्ही वाड्यांत काडीचा फरक नाही."