पापणी नसलेला डोळा

किती पिढ्या लोटल्या ते विचारू नका, पण फार जुन्या काळी एका राज्यात एक भित्रा राजा होता. भित्रा माणूस वाईट असतो असं नाही. पण त्याच्या हाती राज्य असलं की कठीण. शेजारच्या डोंगरराज्यातून एक दिवस अग्निबाण येतील आणि आपलं नगर जळून जाईल, ही एकच धास्ती त्याने घेतली होती.

एका कारागिराने त्याला एक डोळा घडवून दिला. दसऱ्याला तो आकाशात सोडला आणि तो तिथेच टांगून राहिला. त्याला पापणी नव्हती. डोंगरराज्यात मोठा विस्तव दिसला की गडावरची काशाची थाळ आपोआप वाजे. थाळीपाशी एक राखणदार बसवला. थाळ वाजताच त्याने दोर ओढायचा आणि राजाचे शंभर अग्निबाण सुटायचे. कोणाला विचारायचं नाही, कारण शत्रूचे बाण अर्ध्या घटकेत पोचतात.

पूर्वी खबर काढायला घोडेस्वार जात. राजाने त्यांना घरी बसवलं. "स्वार परत येईस्तोवर आपली राख होईल," तो म्हणाला. दरबाराने माना डोलावल्या. माना डोलवायला काय जातं?

हिवाळा सरला, थाळ गप्प होती. वैशाखातल्या एका भर दुपारी राखणदाराची बायको भाकरी घेऊन गडावर आली. ती डोंगरराज्यातली लेक. दोघं जेवत होती, तोच थाळ वाजू लागली. थाळीला कोणी हात लावला नव्हता.

राखणदाराने दोर धरला. बायकोने त्याचं मनगट धरलं.

"अवो, थांबा. वैशाख हाय. माझ्या माहेरी आता राब भाजत्यात. पावसाआधी पालापाचोळा पेटवून वावर भाजायची रीतच हाय आमची."

राखणदाराने वर डोळ्याकडे पाहिलं. "काय दिसतंय?"

"विस्तव," डोळा म्हणाला. आवाज थाळीतून आला, थंड आणि गोड.

"बाणांचा की राबाचा?"

"ते मला शिकवलेलं नाही. विस्तव."

"माझी आई हाय तिथं," बायको म्हणाली. "दोन भाऊ हायेत. त्यांची लेकरं हायेत."

वेळ सरत होता. राखणदाराला बायकोचं पटलं होतं. पण ती चुकली असली तर? नियम पाळणाऱ्याला कोणी बोल लावत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने मनगट सोडवून घेतलं आणि दोर ओढला.

शंभर बाण डोक्यावरून गेले. तिकडून एकही आला नाही. संध्याकाळी वाऱ्याबरोबर राख आली आणि नगरातल्या अंगणांत, वाळत घातलेल्या धुण्यावर बसली.

राजाने राखणदाराला सोन्याचं कडं दिलं. त्यानंतर थाळ कधीच वाजली नाही. "डोळा चोख काम करतो," राजा सगळ्यांना सांगे.

राखणदाराशी त्याची बायको पुन्हा बोलली नाही. पण दर वैशाखात ती गडावर येई, थाळीपाशी बसे आणि डोळ्याला हळूच विचारी, "काय दिसतंय का रं? कुठं राब पेटलाय का?"

"काही नाही," डोळा म्हणे.

ती जरा थांबून पुन्हा विचारी. डोळा पुन्हा तेच सांगे, आणि तो कधी खोटं बोलत नसे.

लहानथोरहो, खात्री करून घ्यायला जिथे वेळच ठेवलेला नसतो, तिथला पहारा आपल्याच माणसांचा घात करतो.