जुन्या इंजिनाचा तोरा

यातल्या एका शब्दावर तरी विश्वास ठेवून दाखव, मी नाव बदलते. फार पूर्वी अनसूया चितारणीच्या कारखान्यात एक जुनं लाकडी इंजिन होतं. त्याच्यावरून मापं घेऊनच दरवर्षी खेळण्यातली नवी इंजिनं घडायची. त्याला वाटायचं, आपण लई देखणे, म्हणून आपला खप. फळीवरच्या भोवऱ्यांना तेच ऐकवून ऐकवून त्यानं वीट आणला होता.

एक दिवस अनसूयेनं जुन्याची मापं न घेता गुळगुळीत, झोकदार असं नवं इंजिन घडवलं. ते म्हणालं, "आजोबा, तुमची जागा आता चुलीत." आणि अनसूयेनं खरंच जुन्याला सरपणात टाकलं. बिचाऱ्याचा उरलासुरला रंगही उडाला.

पण या नव्यावरून घडवून विकलेली इंजिनं आठवड्यात परत आली. गिऱ्हाइकं कुरकुरली, "बाई, घरातले जुने डबे याला लागतच नाहीत." जुन्याचा डबे अडकवायचा मागचा आकडा चुकून डावीकडे बसलेला, आणि घरोघरचे डबे त्या चुकीला धरूनच केलेले.

अनसूयेनं जुन्याला पुसून परत फळीवर ठेवलं. ते भोवऱ्यांना म्हणालं, "चाळीस वर्षं मी नाक वर करून मिरवलो रे, आणि लोक बघत होते माझं ढुंगण."

जा आता, पळ इथून.