विझवून भरायचं तेल

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंकडे येईनासा झाला. तीन महिने वाट पाहून गुरूच एका संध्याकाळी काठी टेकत त्याच्या घरी पोचले.

घर डोंगरमाथ्यावरचे, दोन खोल्यांचे. आईचे सांधे थंडीत आखडत, म्हणून तिच्या खाटेजवळ रॉकेलचा हीटर अखंड जळत असे. शिष्य शिलाई करी, स्वयंपाक करी, आईचे पाय चोळी आणि हीटरवर डोळा ठेवी. चाळिशीचा गडी, पण पार पिळून निघाला होता. गुरूंना पाहून त्याला बरे वाटायला हवे होते. त्याला मात्र आणखी एक चहा टाकावा लागणार एवढेच सुचले.

"गुरुजी, आता होत नाही," तो म्हणाला. "आज सकाळी आईवर ओरडलो. तिच्या हातून वाटी सांडली, एवढंच. काम करता करता म्हणता येईल असा एखादा जप सांगा. बसायला मला सवड नाही."

तेवढ्यात हीटरची ज्योत मंदावली. त्याने लगबगीने डबा उचलला आणि जळत्या हीटरच्या टाकीला नरसाळे लावले. गुरूंनी त्याचे मनगट धरले, दुसऱ्या हाताने कळ फिरवली आणि हीटर चक्क विझवून टाकला.

"हे काय केलंत?" शिष्य चिडलाच. "आई गारठेल!"

"निवू दे. मग बाहेर नेऊन भर."

निवेपर्यंत करण्यासारखे काही नव्हते. चरफडत तो खाटेशी टेकून बसला, आणि बसल्या बसल्याच त्याला डुलकी लागली.

जाग आली तेव्हा त्याच्या अंगावर गोधडी होती. आईच्या दोन गोधड्यांपैकी वरची. वाकड्या बोटांनी तिने ती कशी ओढली असेल, देव जाणे. तो धडपडत उठला. "अगं, तुला थंडी वाजेल ना!"

"नाही रे वाजत," आई म्हणाली. "अर्ध्या तासानं मला काही होत नाही. किती दिवसांनी माझ्याजवळ बसलास."

शिष्याला सकाळची वाटी आठवली. त्याने मान खाली घातली.

गुरू हळू आवाजात म्हणाले, "बाळा, जळत्या हीटरमध्ये तेल ओतलं तर भडका उडतो, हे तुला ठाऊक आहे. तरी विझवायला तू भ्यालास, कारण तू थांबलास तर हे घर गारठेल असं तुला वाटतं. जपही तुला जळता जळताच ओतून हवा होता. सकाळी उडाला तो भडकाच होता. विझणं आणि निवणं हेही ऊब देण्याच्याच कामातलं आहे. तेवढा वेळ घरातली माणसं सांभाळून घेतात. त्यांना सांभाळू तर दे."

शिष्याने डबा उचलला. निवलेला हीटर बाहेरच्या ओट्यावर नेऊन त्याने सावकाश तेल भरले, सांडलेले थेंब पुसले. आत आल्यावर काडी ओढण्याआधी तो क्षणभर थांबला आणि पुन्हा आईजवळ जाऊन बसला. "पेटवू का?" त्याने विचारले.

"बस जरा," आई म्हणाली.

ज्याच्या उबेवर घर चालते, त्याने रोज थोडा वेळ त्याच घराच्या गोधडीत शिरावे.