भानीचं बन

होडी जरा डावीकडे घेतो, म्हणजे नीट दिसेल. खाडीच्या तोंडापासून आमच्या धक्क्यापर्यंत हे जे गच्च कांदळ, म्हणजे खारफुटीचं रान, आहे ना, त्याला भानीचं बन म्हणतात. इथं कोणी कोयती नेत नाही. सरपणाला वाळकी काटकीसुद्धा उचलत नाहीत.

असे सांगतात की फार पूर्वीही इथं असंच कांदळ होतं. मग पलीकडच्या टेकडीवर गढी बांधायला निघाली. गढीला चुना हवा, चुन्याच्या भट्ट्यांना लाकूड हवं. वाडीतल्या खारव्यांनी, म्हणजे मासेमारांनी, पाच वर्षांत सगळी खाडी उघडी केली. त्यांत भानी आणि तिचा नवरा धाकूही होते.

दसऱ्यानंतर एका सकाळी वादळ आलं. एरवी लाटा कांदळात शिरून तिथंच मोडायच्या. त्या दिवशी त्या थेट घरांपर्यंत आल्या. अकरा होड्या फुटल्या. आपली होडी वर ओढायला गेलेला धाकू दोन होड्यांच्या मध्ये चिरडला.

समुद्र कोपला, असं वाडी म्हणाली, आणि त्याला बोकड द्यायचं ठरू लागलं. तेव्हा भानी सगळ्यांसमोर उभी राहिली. म्हणाली, "समुद्रानं काय केलेलं नाय. त्याला अडवणारं आपण तोडलं. पयला घाव माझ्या घोवानं घातला, नि मोळी मी डोक्यावरून नेली."

तिथंच तिनं नवस बोलला, की खाडी पुन्हा झाकली जाईपर्यंत मासळी तोंडात घालणार नाही. खारव्याच्या घरची बाई, आणि मासळी नाही! लोकांना वाटलं, दुःखानं बोलते आहे; चार दिवसांत विसरेल.

ती विसरली नाही. पावसाळ्यात कांदळाच्या लांब शेंगा गळतात. पल्याडच्या खाडीतून ती टोपली भरभरून शेंगा आणी आणि ओहोटीला मांडीभर चिखलात उतरून रोवी. पहिल्या वर्षीच्या सगळ्या भरतीनं नेल्या. दुसऱ्या वर्षी तिनं एकेक शेंग काठीला जुन्या जाळ्याच्या दोरीनं बांधली. थोड्या टिकल्या. सोमा तांडेल, म्हणजे वाडीचा मुख्य नाखवा, येता-जाता हसायचा. सहाव्या वर्षी मुळांत खेकडे दिसू लागले, मग बोयी माशांची पिल्लं. तो हसायचा थांबला. पण चिखलात काही उतरला नाही.

तेराव्या वर्षी तसंच वादळ आलं म्हणे. या खेपेला सोमानं वाडीच्या सगळ्या होड्या भानीच्या कांदळात घुसवून बांधल्या. वारा उतरला तेव्हा एकीचीही फळी निघाली नव्हती. त्या दुपारी बायकांनी बोयीचं कालवण करून भानीच्या पुढ्यात ठेवलं. नवस फिटला, म्हणून तिनं पहिला घास घेतला, असं सांगतात.

सोमा तिच्या पाया पडायला वाकला. तिनं पाय मागे घेतले. म्हणाली, "माझ्या पाया पडून काय होणार? येत्या पावसात शेंगा घेऊन ये."

तो आला, आणि त्याच्या मागून वाडी आली.

आजही नारळी पौर्णिमेला आमच्याकडे नारळ नंतर सोडतात. आधी घरटी एक माणूस ओहोटीच्या चिखलात उतरून शेंग रोवतं. सगळ्यांत आधी उतरायचा मान तांडेलाचा. यंदा वाडीची तांडेल माझी सून आहे.