धाकटीचा ताण

मोटारी अजून नवलाईच्या होत्या, त्या काळची गोष्ट. एका गॅरेजचं जड दार वरच्या दांड्यावरच्या दोन स्प्रिंगा मिळून तोलायच्या. एक दिवस थोरली तुटली. धाकटी एकटीच ताण धरून राहिली. तिचा वेढा न् वेढा ठणकत होता.

नवी जोडी बसवायच्या आधी तिचा ताण उतरवायला सळई आली. म्हणाली, "धाकटे, सोड आता."

"सोडलं की दार कोसळेल, सळईताई. खाली माणसं असतात."

"मोठी आली दार सांभाळणारी! अगं, खाली बघ. दार जमिनीला टेकलंय, कुलूपही लावलंय."

धाकटीने पाहिलं. सळईने तिच्या टोकाच्या भोकात शिरून पाव पाव फेरा उलटा फिरवत तिला सैल केलं. दार जागचं हललं नाही.

"कधीपासून टेकलंय?" तिने विचारलं.

"थोरली गेली त्या दिवसापासून," सळई हळूच म्हणाली.