भस्मकेशाचा गोंड्या

एका राज्यात, जिथे पक्षी माणसांच्या वाणीने बोलत आणि त्याचे कोणालाही नवल वाटत नसे, वीरकेतू नावाचा राजा होता. त्याला एकच कन्या, शरावती. धनुर्विद्येत तिची बरोबरी करणारा कोणी नव्हता, आणि रागातही नव्हता. तिचा आवाज चढला की तबेल्यातले घोडे कान टवकारत आणि दासी खांबाआड होत. राजाला मात्र तिचे भारी कौतुक.

त्या राज्याच्या उत्तर सीमेवर एक बुजलेले भुयार होते. एके वर्षी राजाने ते उघडवले. आत तांब्याची एक पेटी निघाली, रत्नांनी काठोकाठ भरलेली. राजाने ती सभेत आणवली, सिंहासनावर बसल्या बसल्या मूठभर रत्ने उचलली, आणि त्याच क्षणी त्याची पावले दगडाची झाली. राजा बसला तो बसलाच. दर सूर्योदयाला तो दगड एक बोट वर चढू लागला.

वैद्य आले, ज्योतिषी आले, मान खाली घालून परत गेले. दगड गुडघ्यापर्यंत आला तेव्हा सभेच्या गवाक्षात एक साळुंकी येऊन बसली.

"राजा," ती म्हणाली, "हे धन भस्मकेश मांत्रिकाचे. शाप घालताना त्याने या रत्नांतली सगळी ऊब काढली आणि एका जिवात दडवली. कोणाची नजर जाऊ नये म्हणून जीवही लहानसा निवडला. त्याच्या घरातला कुत्रा. तो कुत्रा आपल्या मर्जीने येऊन तुझ्या मांडीवर निजला, तर दगड वितळेल. बांधून आणला वा उचलून आणला, तर हाती धूळ उरेल आणि कुत्रा पुन्हा मांत्रिकाच्या घरी असेल. दगड कंठाशी पोचला की सारे संपले."

सेनापती हसला. "कुत्र्याची मर्जी विचारत बसू काय?" असे म्हणून तो साखळी घेऊन गेला. महिन्याने परतला तेव्हा साखळीच्या कड्यात धूळ होती आणि राजा कमरेपर्यंत दगड झाला होता.

मग शरावती पुढे झाली.

"तिथे तुझे बाण चालायचे नाहीत, मुली," राजा म्हणाला.

"जे चालेल ते तिथे शिकेन, तात," ती म्हणाली आणि घोड्यावर बसली.

चार दिवस घोडा दौडला. पाचव्या सकाळी राखेच्या रंगाचा एक महाल दिसला. दारात भस्मकेश उभा होता. त्याचे केस खांद्यावरून राखेसारखे झरत होते आणि जमिनीवर पडण्याआधी नाहीसे होत होते.

"माझी तीन कामे कर," तो म्हणाला. "तिन्ही झाली तर कुत्रा जायला मोकळा. एक जरी चुकले, तर तू इथला खांब होशील. मागे वळून बघ."

शरावतीने वळून पाहिले. ओसरीला अकरा खांब होते, आणि प्रत्येकाला चेहरा होता.

"सांग," ती म्हणाली.

"पहिले काम. त्याच्या केसांत हजार गाठी आहेत. सूर्यास्ताआधी सगळ्या सोडव. एक केस कापायचा नाही, आणि तो एकदाही कळवळता कामा नये."

कुत्रा दगडी मंचाखाली बसला होता. मांजराएवढा जीव. नाक चपटे, डोळे मोठे आणि पाणावलेले, केस जमिनीपर्यंत लोंबणारे. कधीकाळी ते रेशमासारखे असावेत, आता एकमेकांत चिकटून त्यांचा घट्ट नमदा झाला होता. शरावतीने सवयीने आज्ञा केली, "बाहेर ये!" तिचा आवाज महालात घुमला. कुत्रा कळवळला नाही, पण थरथरला, दात विचकले, आणि आणखी आत सरकला.

तिने पुन्हा हाक मारली नाही. फरशीवर बसली, पाठ त्याच्याकडे केली आणि वाट पाहू लागली. असे वाट पाहणे तिला जन्मात जमले नव्हते. पायांना मुंग्या आल्या. दोनदा राग ओठांपर्यंत आला आणि दोनदा तिने तो गिळला. सूर्य हातभर वर चढला तेव्हा ओले नाक तिच्या कोपराला लागले.

लहानपणी आपले केस दासी कशा विंचरत हे तिला आठवले. तिने बोटांना तिळाचे तेल लावले. गाठीच्या वरचे केस चिमटीत धरले, म्हणजे ओढ कातडीला लागू नये, आणि टोकाकडून सुरुवात केली. एक गाठ, मग दुसरी. कानामागच्या गाठी सर्वांत वाईट. तो अंग चोरू लागला की ती थांबे, हलक्या आवाजात काहीबाही बोले, आणि तो सैलावला की पुन्हा हात घाली. ओल्या फडक्याने तिने त्याचे डोळे पुसले, कानांतला मळ काढला. सूर्य टेकला तेव्हा शेवटची गाठ सुटली. तिच्यासमोर सोनेरी केसांचा, गोंड्यासारख्या शेपटीचा कुत्रा उभा होता.

"गोंड्या," ती म्हणाली, आणि शेपटी हलली.

दुसऱ्या सकाळी भस्मकेश सोन्याचे खोल पात्र घेऊन आला. त्यात तुपात तळलेले, मिरे-मसाल्यांनी माखलेले मांस होते.

"हा सात दिवस जेवलेला नाही. आज सूर्यास्ताआधी त्याने पोटभर जेवले पाहिजे."

गोंड्याने पात्र हुंगले आणि तोंड फिरवले. शरावती त्याच्याकडे बघत राहिली. पात्र खोल, नाक चपटे. तळापर्यंत तोंड पोचणार कसे? मसाल्याने त्याला शिंका येत होत्या. आणि मांत्रिक ताट ठेवून निघून जाई, हे अकरा खांबांपैकी एकाने तिला सांगितले. "त्याला एकट्याने जेवायला आवडत नाही," तो खांब म्हणाला. "मला फार उशिरा कळले."

शरावतीने चूल मांडली. मऊ भात शिजवला, त्यावर बिनमसाल्याचे मांसाचे पाणी घातले, फुंकर घालून निववले. पळसाच्या पानावर मूठभरच वाढले. दुसऱ्या पानावर स्वतःला वाढले आणि त्याच्या शेजारी बसून जेवू लागली. गोंड्याने तिच्या पानाकडे पाहिले, आपल्या पानाकडे पाहिले, आणि चाटूनपुसून खाल्ले. दुपारी पुन्हा मूठभर, कलत्या उन्हात पुन्हा मूठभर. मग तो उताणा पडला आणि पोट दाखवू लागला.

भस्मकेशाचा चेहरा काळवंडला.

"तिसरे काम," तो तिसऱ्या सकाळी म्हणाला. "त्याने हा उंबरा ओलांडायचा. तू हाक मारायची नाहीस, खाऊ दाखवायचा नाहीस, हात लावायचा नाहीस. आजवर तो कधी बाहेर पडलेला नाही. बाहेर काय आहे हे त्याला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही त्याला तो भितो."

शरावतीने गोंड्याकडे एकदा पाहिले. मग ती उंबरा ओलांडून बाहेर गेली आणि चालू लागली. वळून पाहावेसे फार वाटले, तिने पाहिले नाही. दहा पावले झाली, वीस झाली. मागे नखांचा टकटक आवाज आला, उंबऱ्याशी थांबला. बारीक रडणे ऐकू आले. तरी ती चालत राहिली. तिसावे पाऊल टाकले तेव्हा मागे धावत्या पायांचा आवाज आला. गोंड्या उंबरा ओलांडून तिच्या टाचांशी येऊन धापा टाकत होता.

भस्मकेशाने शब्द पाळला नाही. त्याने दोन्ही हात उचलले आणि वाटेवर धुराचा वाघ उभा राहिला, ताडाएवढा उंच. शरावतीने बाण सोडला, तो धुरातून पार गेला. दुसरा सोडला, तोही गेला. वाघाने जबडा उघडला.

तेव्हा गोंड्या पुढे झाला. त्याने हवेत नाक उंचावून वास घेतला. वाघाला वास नव्हता. इतकेच त्याला पुरे होते. तो वाघाच्या पंजांसमोर चार पाय रोवून उभा राहिला आणि असा भुंकला की महालाची कौले हलली. वाघ डोक्यापासून विरू लागला. कान गेले, जबडा गेला, पट्टे गेले, आणि वाटेवर स्वच्छ ऊन पडले.

त्याबरोबर महाल ढासळला. अकरा खांब अकरा माणसे झाले आणि डोळे चोळत आपापल्या गावांच्या वाटेला लागले. भस्मकेश राखेच्या ढिगात बसून राहिला. आता तो साधा म्हातारा होता.

"कुत्रा कधी माझ्या मांडीवर आला नाही," तो म्हणाला.

"तुम्ही कधी जमिनीवर बसलात?" शरावतीने विचारले.

परतीची वाट लांब होती. उचलून न्यायचे नव्हते, म्हणून घोडा मागे आणि राजकन्या पायी, गोंड्याच्या चालीने. सकाळी गारव्यात चालायचे. ऊन तापले की चपट्या नाकाच्या त्या जिवाला श्वास पुरत नसे, म्हणून झाडाखाली थांबायचे, ओले फडके पोटाखाली घालायचे, तळव्यांतले काटे काढायचे. रोज संध्याकाळी फणी. तिकडे दगड चढत होता हे तिला ठाऊक होते. तरी तिने एकदाही त्याला घाई केली नाही. सोळाव्या दिवशी राजधानीची वेस आली.

सभा भरली होती. राजा खांद्यांपर्यंत दगड झाला होता. फक्त डोळे हलत होते.

गोंड्या सिंहासनापाशी आला आणि थांबला. आसन त्याच्या मानाने फार उंच. त्याने मागचे पाय दुमडले, उडी घ्यायला पाहिले, आणि भिऊन पुन्हा बसला. उचलायचे नाही. उद्याच्या सूर्योदयाला दगड कंठाशी पोचणार होता.

शरावती भर सभेत गुडघ्यांवर आली, मग हातांवर. तिने आपली पाठ पायरीसारखी सपाट केली. कधी कोणापुढे न वाकलेली राजकन्या सेनापतीच्या डोळ्यांदेखत वाकली. गोंड्या तिच्या टाचांवर चढला, पाठीवरून चालत गेला, राजाच्या मांडीवर उतरला. तिथे त्याने तीनदा गोल फिरून जागा केली, सुस्कारा सोडला आणि झोपी गेला.

ऊब मांडीतून निघाली. ती छातीत चढली, पावलांत उतरली. दगडाचा रंग गेला, कातडीचा आला. राजाची बोटे हलली. त्याने खोल श्वास घेतला आणि गर्जून म्हणाला, "हा कोण?"

"हा गोंड्या, तात," शरावती कुजबुजली. तिच्या गालांवरून अश्रू वाहत होते. "हळू बोला. थकून आला आहे."

तांब्याची पेटी पुन्हा भुयारात गेली आणि भुयार कायमचे बुजवले गेले. सेनापतीने साखळी वितळवून तिच्या फण्या केल्या. आठव्या दिवशी नगरात मिरवणूक निघाली. दोन्ही बाजूंना माणसांची दाटी, सज्ज्यांतून फुले पडत होती. सर्वांत पुढे, सोनेरी केस वाऱ्यावर उडवीत, गोंड्या चालला होता. चौकात राजहत्ती आडवा आला. गोंड्या थांबला, मान वर केली आणि भुंकला. हत्तीने त्याच्याकडे पाहिले, सोंड कपाळाला लावली आणि दोन पावले मागे सरून वाट दिली.

नगारे झडले, नगराने जयजयकार केला, आणि मिरवणूक पुढे गेली. ज्यांनी ही कथा ऐकली त्यांच्या घरी ऊब नांदो, आणि ज्यांनी सांगितली त्यांच्याही.